बोट उद्याची, मुक्काम आजचा

वडूजपासून समुद्र लांब आहे. गावाला नदी आहे ती येरळा, आणि तिलाही वर्षातले मोजकेच महिने पाणी. खटाव तालुक्याचं हे ठाणं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. इथल्या गप्पांत पाणी येतं ते टँकरचं, उरमोडीच्या कालव्याचं, नाहीतर जिहे-कठापूरच्या आवर्तनाचं. अशा गावात कुणी ‘आम्ही बोटीनं लक्षद्वीपला चाललोय’ म्हणालं, तर ‘बोट लागते का हो?’ हा प्रश्न पुढं कधीतरी येतो. आधी विचारलं जातं, ‘मुंबईला कधी निघणार?’ आणि लगेच पाठोपाठ, ‘उतरणार कुणाकडं?’

जगभरचे क्रूझ प्रवासी ज्यावर वर्षानुवर्षं वाद घालतात, तो सगळा विषय या दोन प्रश्नांत आला. बोट दुपारी किंवा संध्याकाळी सुटणार असेल, तर त्याच दिवशी पहाटे घर सोडून थेट धक्का गाठायचा, की आदल्या दिवशीच बंदराच्या शहरात जाऊन पथारी टाकायची? एका रात्रीच्या खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि एक वाया गेलेला दिवस एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात आयुष्यभराची हौस आणि आगाऊ भरलेले सगळे पैसे. हिशेब सोपा वाटतो, पण वडूजहून करायला घेतला की त्यात बऱ्याच भानगडी निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे, बोट थांबत नाही. एसटी चुकली तर पुढची असते, वडाप तर माणसं भरेपर्यंत जागचं हलत नाही. बोटीला मात्र धक्क्यावरची जागा ठरलेल्या वेळेपुरती मिळालेली असते, तिला बाहेर काढणारा पायलट ठरलेल्या वेळेला चढतो आणि भरती-ओहोटी कुणाच्या ओळखीची नसते. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे बेटावर एका क्रूझचे आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले. बोट अजून समोर नांगरलेली दिसत होती, तरी त्यांना वर घेतलं नाही. पुढचं बंदर गाठायला ती मंडळी अनेक देश ओलांडत गांबियापर्यंत पोचली, तर तिथं ओहोटीमुळं बोट धक्क्याला लागलीच नाही. अखेर सेनेगलमध्ये गाठ पडली. ही गोष्ट मधल्या मुक्कामावरची आहे, पण नियम सुरुवातीच्या बंदरालाही तोच.

शिवाय तिकिटावरची वेळ ही सुटण्याची वेळ असते. सामान जमा करणं, ओळखपत्राची तपासणी, परदेशी फेरी असेल तर पासपोर्टवरचा शिक्का, हे सगळं त्याच्या कितीतरी आधी उरकतं आणि खिडकी बंद होते. प्रत्येक कंपनीची वेळ वेगळी, ती तिकिटावर बारीक अक्षरात छापलेली. पाच वाजता सुटते म्हणून साडेचारला पोचलेला माणूस फक्त टाटा करायला पोचलेला असतो.

आता मुंबईतलं बंदर. क्रूझ सुटतात त्या बॅलार्ड पिअरवरून. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटीपासून हे ठिकाण दीडेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याला ‘ग्रीन गेट’ म्हटलेलं कळतं. २० सप्टेंबर २०२५ रोजी इथल्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि तपासणीचे ७२ काउंटर असा त्याचा आराखडा आहे. त्याआधीही इथून बोटी सुटतच होत्या. १८ सप्टेंबर २०२१ला कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’ मुंबईहून पहिल्या फेरीला निघाली. गोवा, लक्षद्वीप, कोची ही नावं मग सातारा-सांगलीकडच्या सहलवाल्यांच्या फलकांवरही दिसू लागली. अरबी समुद्र खवळतो तेव्हा ही बोट पूर्व किनाऱ्याकडं, चेन्नईला जाते. त्यामुळं मुंबईचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो.

हंगामाचा हा मुद्दा वडूजकरानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, एक्स्प्रेस-वे बंद पडतो, ही धास्ती क्रूझच्या दिवसांत बव्हंशी नसते. पण ऊस असतो. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रांगेनं चालतात, आणि रात्री त्यांच्या मागं लाल दिवा असेलच याची खात्री नाही. डिसेंबरच्या आसपास पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असते. वडूजहून साताऱ्याला जाणारा माणूस पुसेगाववरूनच जातो, आणि रथाच्या दिवशी तिथून गाडी काढायची म्हणजे रथाच्याच वेगानं. भरीला नाताळ आणि वर्षअखेर. क्रूझला सर्वात जास्त गर्दी याच आठवड्यात, आणि लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगाही याच आठवड्यात. ज्या सुट्टीमुळं माणूस बोटीवर निघतो, त्याच सुट्टीमुळं त्याची वाट अडते.

प्रवासाचा नकाशा मांडून पाहू. वडूज ते सातारा पन्नासेक किलोमीटर, पुढं पुणे सव्वाशेच्या आत, तिथून मुंबई दीडशे. सगळं मिळून तीनशेच्या घरात. रस्ता मोकळा असेल तर चारचाकीनं साडेसहा-सात तास. मोकळा नसेल तर काय होतं, हे या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. खंबाटकीच्या बोगद्यापाशी एखादा ट्रक आडवा, नवले पुलावर अपघात, चांदणी चौकापासून वाकडपर्यंत कार्यालयांची वेळ, आणि हे सगळं पार पडलं की बोरघाट. अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तरी ‘अमृतांजनला अडकलोय’ असा फोन अजून येतो. पहाटे तीनला निघालेला माणूस दहाला पोचेल किंवा दोनला. एकला खिडकी बंद होणार असेल, तर दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर.

घाट उतरल्यावर मात्र चित्र बदललंय. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. चिर्ल्याकडून शिवडीपर्यंत २१.८ किलोमीटर, मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये. शिवडीतून पूर्व मुक्त मार्गावर चढलं की ऑरेंज गेटला उतरायचं, आणि तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. म्हणजे पनवेलच्या अंगाला येऊन पोचलेला माणूस पूर्वीसारखा वाशी, मानखुर्द, चेंबूर, सायन असा सिग्नल मोजत जात नाही. वडूजकराच्या वाटेतला धोका आता मुंबईत फारसा उरलेला नाही, तो साताऱ्यापासून खोपोलीपर्यंतच्या रस्त्यात आहे. त्यामुळं बंदराच्या शहरात मुक्काम करावा का, हा प्रश्न इथल्या माणसापुरता वेगळ्या शब्दांत मांडायला हवा. घाट कोणत्या दिवशी उतरायचा?

या प्रश्नाला जुना इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे.

बोटीची वाट पाहत मुंबईत थांबण्याची सर्वात नाट्यमय गोष्ट १८८८ सालची. अठरा वर्षांचा मोहनदास गांधी १० ऑगस्टला राजकोटहून विलायतेच्या बोटीसाठी मुंबईला निघाला. मुंबईत स्नेह्यांनी त्याच्या थोरल्या भावाच्या मनात भरवलं की या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, पहिल्याच खेपेला पोराला पाठवू नये, नोव्हेंबरपर्यंत थांबा. भाऊ पैसे मेहुण्याकडं ठेवून राजकोटला परतला आणि हा मुंबईत अडकला. मुक्काम लांबला तशी मोढ वाण्यांच्या जातीत कुजबुज वाढली. पंचायत बसली. समुद्र ओलांडणार म्हणून त्याला वाळीत टाकलं आणि जो कुणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल, त्याला एक रुपया चार आणे दंड ठरला. बहिष्काराच्या भीतीनं मेहुणा पैसे देईना. शेवटी घरच्या ओळखीतल्या एकानं भाड्याचे पैसे दिले आणि ४ सप्टेंबरला ‘क्लाइड’ बोटीनं गांधी निघाले. आदल्या मुक्कामाचा एवढा तोटा क्वचितच कुणाला झाला असेल. आल्याबरोबर बोट मिळाली असती तर पंचायत भरायला सवड तरी कुठं होती?

साताऱ्याचे वकील दादासाहेब करंदीकर यांचाही बंदरातला एक अनुभव इतिहासात नोंदलेला आहे. १९१८ साली लोकमान्य टिळक, खापर्डे, केळकर, बिपिनचंद्र पाल आणि करंदीकर हे होमरूलचं शिष्टमंडळ इंग्लंडला निघालं आणि कोलंबोपर्यंत पोचलं. तिथं सरकारनं परवानगीच रद्द केली. माणसं बंदरात वेळेवर हजर, आणि प्रवास तिथंच संपला. बंदरात आधी पोचल्यानं उशीर टळतो. वरून येणारा हुकूम टळत नाही. आजच्या भाषेत याला व्हिसा किंवा फेरी रद्द होणं म्हणायचं.

इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्यापुरता प्रश्न रेल्वेनं सोडवला होता. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालगतच ‘बॅलार्ड पिअर मोल’ नावाचं स्टेशन होतं. पेशावरपर्यंत जाणारी पंजाब लिमिटेड १ जून १९१२ला इथूनच सुटली. टपालाची बोट आणि गाडी एकमेकींच्या वेळेशी बांधलेल्या, त्यामुळं साहेबाला बंदरात खोली शोधायची वेळ येत नसे. ते स्टेशन कधीच गेलं. क्रूझ टर्मिनलपर्यंत आगगाडी नेण्याची कल्पना आज कुणी मांडली तर ती नवी वाटेल.

ज्यांच्यासाठी गाडी धक्क्यापर्यंत येत नव्हती, त्यांनी आपापले मुक्काम उभे केले. त्यात गोव्याच्या खलाशांची ‘कूड’ ही व्यवस्था फार पाहण्यासारखी. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गोव्यातल्या एकेका गावानं जुन्या इमारतींत खोल्या घेतल्या. त्यांना क्लब म्हणत, पण आत क्लबाचा थाट मुळीच नाही. एक लांबट दालन, भिंतीलगत ओळीनं लावलेल्या ट्रंका, समोर येशू-मरियेची वेदी. ट्रंक हीच सभासदाची हक्काची जागा. रात्री तिच्यापुढं चटई पसरायची आणि सकाळी गुंडाळायची. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. गावचा माणूस बोट लागेपर्यंत इथं राही, कधी आठवडा, कधी काही महिने. खलाशांच्या भरतीचं कार्यालय मुंबईत, कंपन्यांच्या कचेऱ्या बॅलार्ड इस्टेटीत, आणि जागा निघाल्याचा सांगावा कधी येईल याचा नेम नाही. लांब राहून चालणारच नव्हतं. बंदरात मुक्काम करण्याची याहून रोकडी कारणमीमांसा कोण देणार?

हजच्या प्रवाशांचंही तसंच. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला बोटीनं जाता येई. मिरज-सांगलीकडचा यात्रेकरू मुंबईत येई तो लस, कागदपत्रं आणि तिकीट यांसाठी काही दिवस हाताशी ठेवूनच. बोरीबंदरजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना अशा माणसांनी भरलेला असे. निरोप द्यायला आलेले नातेवाईकही तिथंच.

आणि सातारकर? ते बंदरात प्रवासी म्हणून फार कमी गेले. गेले ते पाठीवर ओझं घेऊन. दुष्काळानं खटाव-माणमधून आणि डोंगरकपारीनं पाटण-जावळीतून माणसं मुंबईत ढकलली. मशीद बंदर, दाणाबंदर, गोदीच्या बाहेरची गुदामं, जिथं गोणी उचलायची तिथं सातारी बोली ऐकू येई. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. या माणसांचीही ‘गावाची खोली’ असे. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी गावकी, कोपऱ्यात ग्रामदैवताची तसबीर, आणि नवा पोरगा गावाहून आला की त्याच्यासाठी जागा करायचीच, हा नियम. गोव्याचा कूड आणि साताऱ्याची खोली यांत देव आणि जेवण वेगळं, बाकी सगळं तेच. आज त्याच धक्क्यावर वडूजच्या एखाद्या कुटुंबाच्या बॅगांना चिठ्ठ्या लागतात आणि दुसरा कुणी त्या उचलून बोटीवर नेतो. त्यांच्या आजोबांनी ओढलेल्या गोण्यांना कुणी चिठ्ठी लावली नव्हती.

पुढं धान्याचा आणि कांदा-बटाट्याचा बाजार वाशी-तुर्भ्याला गेला आणि माथाडींची घरं कोपरखैरणे, घणसोली भागात झाली. त्यामुळं वडूजच्या माणसाला आजही आदल्या रात्रीसाठी हॉटेल शोधावं लागत नाही. चुलतभाऊ, मेहुणा, गावकीतला कुणीतरी नवी मुंबईत असतोच. इथं हिशेबाचं पारडं एकदम फिरतं. मुंबईच्या फोर्ट भागात दोन माणसांना बऱ्यापैकी खोली घ्यायची, तर क्रूझच्या तिकिटाशी स्पर्धा करणारा आकडा निघू शकतो. पाहुण्यांकडं खर्च एक पेढ्याचा पुडा आणि पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे.

पाहुण्यांकडच्या मुक्कामात वाकडं एवढंच की तो मुक्काम आपल्या हातात राहत नाही. रात्री अकराला मटणाचं ताट वाढलं जातं, गावाकडच्या भावबंदकीचे ताजे निकाल ऐकायचे असतात, झोप दोनला. सकाळी ‘पोहे तरी खाऊन जा’ यात अर्धा तास. शिवाय बोटीवर पहिल्याच दिवशी पोट बिघडलेलं परवडत नाही. समुद्र त्यात भरच घालतो. रविवारी बोट असेल तर हार्बर लाइनवर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशीच बघावं. कोपरखैरणेहून वाशी, वाशीहून सीएसएमटी, हातात तीन बॅगा आणि एक खाऊची पिशवी, हा प्रवास तरुण जोडप्याला शोभतो. साठीपुढच्यांनी सरळ टॅक्सी करावी. अटल सेतूचा टोल चुलतभावाच्या पाहुणचारातून वाचलेल्या पैशांत सहज निघतो.

तिसरा एक मार्ग आहे आणि तो सहलवाल्यांच्या तोंडी फारसा येत नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघते, मध्यरात्रीच्या आगेमागे साताऱ्याला येते आणि सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते. घाट झोपेत उतरतो. बर्थ हाच मुक्काम. गाडी दोन तास उशिरा पोचली तरी दुपारच्या बोटीला धक्का लागत नाही, आणि स्टेशनपासून धक्का दीड किलोमीटर. सीएसएमटीवर २०२२ पासून झोपायच्या छोट्या कप्प्यांची सोयही झाली आहे. आंघोळ करून तास-दोन तास पाठ टेकता येते. अडचण अशी की सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीला. वडूजहून रात्री तिथं सोडायला गाडी हवी, आणि सुट्टीच्या दिवसांत आरक्षण दोन महिने आधी पाहायला हवं. वेटिंगवर भरवसा ठेवून निघालेला माणूस ना गाडीत झोपतो, ना घरी. पण आरक्षण पक्कं असेल, तर एकट्यादुकट्यासाठी आणि प्रकृती ठणठणीत असलेल्या जोडप्यासाठी यासारखा स्वस्त आणि भरवशाचा उपाय दुसरा नाही.

आदल्या दिवशी निघण्याच्या विरोधातलं सर्वात वजनदार कारण हॉटेलच्या भाड्यात नाहीच, ते गोठ्यात आहे. शहरातल्या माणसाला एक जादा दिवस म्हणजे एक रजा. दोन म्हशी आणि एक गाय बांधलेल्या घराला तो दिवस म्हणजे धारांच्या दोन वेळा. डेअरीला दूध घालायचं कुणी, वैरण कापायची कुणी? अनोळखी हाताला म्हैस पान्हा सोडत नाही आणि शेजारी एका वेळेला हो म्हणतो, सहाव्या दिवशी नाही. पाच दिवसांच्या क्रूझला पुढं एक आणि मागं एक दिवस जोडला, तर घर आठवडाभर दुसऱ्यावर टाकावं लागतं. त्यातच कालव्याचं आवर्तन आलं आणि आपली पाळी चुकली, तर ज्वारीचं नुकसान कुठल्याही विम्यात बसत नाही. ‘आधीच्या दिवशी पोचा’ हा सल्ला देणाऱ्यांनी हा खर्च कधी धरलेला नसतो, कारण त्यांच्या गोठ्यात काही नसतं.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तोही खरा. क्रूझ हा धंदा भारतात अजून नाजूक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ मोठ्या कौतुकानं सुरू झाली आणि महामारीत बंद पडली. २०१९ मध्ये आलेल्या जलेश क्रूझेसनं पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. फेरी रद्द झाली तर बोटीचे पैसे परत मिळवायलाच फेऱ्या पडतात. वेगळं बुक केलेलं, परतावा नसलेलं हॉटेल तर अक्कलखाती. म्हणून खोली घ्यायचीच तर रद्द करता येणारी घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. आणखी एक कुचंबणा म्हणजे हॉटेल सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करायला लावतं आणि बोट दुपारी आत घेते. मधले तास सामानासह कुठं काढायचे? खोली घेण्याआधी हॉटेल सामान ठेवून घेतं का, एवढं विचारावं. ते हो म्हणालं, तर बॅलार्ड इस्टेटमध्ये हिंडण्यासारखं पुष्कळ आहे. समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, रविवारी तर रिकामे रस्ते. १९२३ पासूनचं ब्रिटानिया इथंच. बेरी पुलाव खाऊन बोटीवर चढलेल्या माणसाला बोटीवरच्या पहिल्या जेवणाची फारशी घाई राहत नाही.

परदेशातून सुटणाऱ्या बोटीसाठी मात्र फार तोलून-मापून पाहण्याचं कारण नाही. तिथं आदला मुक्काम हवाच. मराठी प्रवाशांचं आवडतं सिंगापूर घ्या. मुंबईहून रात्रीचं विमान साडेपाच तासांत पोचतं, घड्याळ अडीच तास पुढं जातं, आणि सकाळी उतरून दुपारी बोटीवर चढणं कागदावर अगदी सुबक बसतं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातली विमानसेवा कोलमडली आणि हजारो प्रवासी विमानतळांवर अडकले. असला सुबक कागद किती वेळ टिकतो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. बॅग मागं राहिली तर ती दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते. बोटीवर येत नाही, कारण तोवर बोट मलाक्काच्या समुद्रात. सहा दिवस एकाच सदऱ्यात काढायचे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत असतील तर विषय आणखी गंभीर. गोळ्या, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत, मुक्काम असो वा नसो.

युरोपात आणखी एक फसगत आहे. जाहिरातीत बंदराचं नाव ‘रोम’, पण बोट सुटते चिवितावेक्कियाहून, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘लंडन’ म्हणजे साउदॅम्प्टन, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, दोन्हीकडं दोन-तीन तासांचा प्रवास. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या क्रूझना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळं मोठ्या बोटींना मार्गेरासारख्या दुसऱ्या धक्क्यांवर जावं लागतं. आदल्या रात्री रोममध्ये हौसेनं राहिलेला माणूस बंदराच्या जवळ राहिला असं म्हणता येत नाही. त्यानं फक्त विमानाचा घाट उतरलेला असतो, आगगाडीचा बाकी आहे. साताऱ्यात मुक्काम करून ‘मुंबईत पोचलो’ म्हणण्यासारखंच ते. सहल कंपनीच्या गटातून जाणाऱ्यांची काळजी यात बरीच कमी होते, कारण उशीर झालाच तर तो चाळीस जणांचा असतो आणि फोन करायला माणूस असतो. स्वतःची स्वतः तिकिटं काढणाऱ्याला निदान बोट चुकल्याचा खर्च देणारा प्रवास विमा आहे ना, एवढं पाहायलाच हवं.

मग वडूजहून मुंबईच्या बोटीसाठी काय करावं? समजा निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी आहेत, बोट शुक्रवारी संध्याकाळची. पुण्यात मुलगा असेल तर बुधवारी त्याच्याकडं जावं आणि गुरुवारी दुपारी, घाटातली शनिवार-रविवारची गर्दी सुरू होण्याआधी, खाली उतरावं. नवी मुंबईत गावकीतलं घर असेल तर तिथं, नसेल तर पनवेलला एखादी साधी खोली. तिथलं भाडं फोर्टपेक्षा हलकं, आणि सकाळी अटल सेतूवरून धक्का तासा-दीड तासात. फोर्टमधल्या महागड्या हॉटेलचा आग्रह धरायला त्यांना कारण नाही, मुंबई बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. गोठा असलेल्या घरानं महालक्ष्मी पकडावी. गुरुवारची संध्याकाळची धार काढून, जेवून, रात्री माहुली. शुक्रवारी पहाटे चारचाकीनं निघून थेट धक्का गाठू म्हणणाऱ्यांना बोट मिळते, बहुतेकदा मिळतेच. पण ती मिळेपर्यंतचे सात तास मागच्या सीटवर बसलेल्यांनी कसे काढले, ते त्यांना विचारावं.

परतीला हा सगळा खटाटोप लागत नाही. बोट सकाळी धक्क्याला लागते, नाश्ता उरकून आणि सामान शोधून माणूस दहाच्या सुमारास ग्रीन गेटबाहेर उभा असतो. दिवस अख्खा हातात असतो, आणि या वेळी घाटात कितीही अडकलं तरी कुठली खिडकी बंद होणार नसते. दहाला निघालेली गाडी पाच-साडेपाचला पुसेगाव ओलांडते. शेजाऱ्याला फोन करून सांगायचं, आजची संध्याकाळची धार आम्ही काढतो.